एकच एक्सएमएल, क्रोममध्ये अर्धी यादी आणि फायरफॉक्समध्ये कोरं पान

सेमीकोलन_हरवला
नमस्कार मंडळी. सर्व्हरकडून एक फीड (ताज्या नोंदींची यादी) एक्सएमएल स्ट्रिंग म्हणून, म्हणजे टॅगमध्ये बांधलेला मजकूर म्हणून येतो, तो मी डॉमपार्सरच्या (स्ट्रिंग वाचून टॅगांचं झाड बनवणारी ब्राउझरमधली सोय) पार्सफ्रॉमस्ट्रिंगला 'टेक्स्ट/एक्सएमएल' देऊन पार्स करतो आणि एकेक आयटम यादीत टाकतो, एवढंच काम आहे. एरवी सगळीकडे नीट चालतं पण मधूनच एखाद्या दिवशी क्रोममध्ये 20 पैकी पहिले 7 आयटम दिसतात आणि पुढचे गायब, फायरफॉक्समध्ये यादी पूर्ण रिकामी, आणि एका क्लायंटकडे अजून एजचा आयई मोड (जुन्या इंटरनेट एक्सप्लोररसारखं चालणारा) चालू आहे तिथे थेट कॅचमध्ये (एरर पकडणाऱ्या भागात) जाऊन 'सिंटॅक्सएरर'. क्रोममध्ये मात्र कॅचमध्ये काही येत नाही, कन्सोल पण स्वच्छ. स्ट्रिंग तिन्हीकडे एकच आहे, अक्षर अन् अक्षर तपासलंय. मग तीन ब्राउझरची तीन उत्तरं कशी काय?

दुसरं म्हणजे 'मीडिया:थंबनेल' हा टॅग क्वेरीसिलेक्टरने (टॅग शोधणारं फंक्शन) मिळतच नाही, कोलनच्या आधी बॅकस्लॅश देऊनही नल, म्हणजे काहीच नाही, असं येतं.

जुनं_खोड
तुझा एक्सएमएल त्या दिवशी मोडका येतो, बाकी काही नाही. मोडक्या एक्सएमएलवर डॉमपार्सर एक्सेप्शन फेकत नाही, तो तुला डॉक्युमेंटच परत देतो आणि त्यात 'पार्सरएरर' नावाचा एलिमेंट घालून ठेवतो, त्यामुळे ट्राय-कॅच लावून काही हाती लागायचं नाही. आयईने मात्र डॉमपार्सर घेतला (नववी आवृत्ती) तो एक्सेप्शन फेकणाराच घेतला, म्हणून तिथे कॅच चालतं.

आता क्रोम आणि फायरफॉक्समधला फरक बघ. फायरफॉक्स एरर आली की आधीचं सगळं टाकून देतो, 'पार्सरएरर' हाच रूट (सगळ्यात वरचा टॅग) होतो, म्हणून तुझी यादी रिकामी. क्रोम चुकीच्या जागेपर्यंत जेवढं वाचून झालंय ते झाड तसंच ठेवतो आणि रूटच्या आत सगळ्यात आधी 'पार्सरएरर' खोचतो. म्हणजे तुझ्या आठव्या आयटममध्ये काहीतरी गडबड आहे. माझ्या मते क्रोमचं हे वागणं जास्त घातक, कारण अर्धी यादी बघून कुणालाच शंका येत नाही.

पार्स केल्याबरोबर गेटएलिमेंट्सबायटॅगनेमने 'पार्सरएरर' शोध, सापडला तर त्याचं टेक्स्टकंटेंट लॉग कर, त्यात ओळ आणि कॉलम दोन्ही असतात.

झटपट_उपाय
एवढं कशाला करताय, 'टेक्स्ट/एक्सएमएल' ऐवजी 'टेक्स्ट/एचटीएमएल' द्या, तो पार्सर काहीही गिळतो, कधीच एरर देत नाही 😄

बॅकस्लॅश_ताई
@झटपट_उपाय गिळतो हे खरं पण पचवतो काय ते बघा ना. फीडमध्ये 'लिंक' टॅग असतो, एचटीएमएलच्या लेखी तो रिकामा टॅग, त्याला मजकूर नसतोच, त्यामुळे यूआरएल टॅगच्या बाहेर पडतो आणि तुम्ही लिंकचं टेक्स्टकंटेंट मागितलं की रिकामी स्ट्रिंग. सीडेटा सेक्शनची (जसाच्या तसा ठेवायचा मजकूर) कॉमेंट होते. 'पबडेट'मधलं कॅपिटल डी लहान होतं. एरर जाते आणि डेटा पण जातो, असला सौदा नको.

थंबनेलचं सांगते. नेमस्पेस (टॅग कुठल्या संचातला ते सांगणारी ओळख) असला की टॅगचं लोकल नाव फक्त 'थंबनेल' असतं, 'मीडिया' हा नुसता प्रीफिक्स. सिलेक्टर लोकल नावावर चालतो म्हणून बॅकस्लॅशने काही होत नाही. गेटएलिमेंट्सबायटॅगनेमएनएस वापर आणि पहिल्या जागी प्रीफिक्स नाही, नेमस्पेसचा अख्खा यूआरआय दे, म्हणजे उद्या समोरच्याने प्रीफिक्स बदलला तरी तुझा कोड हलणार नाही. आणि फर्स्टचाइल्ड वापरत असशील तर सोडून दे. दोन टॅगमधली नुसती नवी ओळ पण टेक्स्ट नोड असते, मायक्रोसॉफ्टचा जुना पार्सर ती डीफॉल्टने गाळायचा, बाकीचे ठेवतात. जुना फायरफॉक्स तर मोठा मजकूर 4096 अक्षरांवर तोडून वेगवेगळे नोड करायचा आणि फर्स्टचाइल्डची व्हॅल्यू घेणाऱ्यांचे लेख अर्ध्यावर कापले जायचे. टेक्स्टकंटेंट घे, कटकट संपली.

सेमीकोलन_हरवला
ताई, खोड, दोघांना दंडवत 🙏 पार्सरएरर लॉग केला, 'एंटिटीरेफ: एक्स्पेक्टिंग सेमीकोलन' असं आलं आणि आठव्याच आयटमच्या लिंकमध्ये यूआरएलच्या दोन पॅरामीटरमध्ये उघडा अँपरसँड (&) बसलाय. थंबनेल पण आले. आता फीड देणारे लोक दुसरेच आहेत, ते कधी दुरुस्त करतील देव जाणे, तोवर पार्स करण्याआधी स्ट्रिंगमधल्या अँपरसँडवर रिप्लेस मारू का? आणि आमच्या कोडमध्ये आधी 'विंडो.अ‍ॅक्टिव्हएक्सऑब्जेक्ट' (आयईचा जुना पार्सर बनवायची सोय) आहे का बघून मग डॉमपार्सर अशी जुनी शाखा आहे, ती काढली तर चालेल?

जुनं_खोड
शाखा उलटी कर निदान. आयई 11 मध्ये 'इफ'मध्ये अ‍ॅक्टिव्हएक्सऑब्जेक्ट विचारलं तर खोटं येतं, पण 'न्यू' करून बनवला तर बनतो, मुद्दाम लपवलाय तो. म्हणजे तुझा क्लायंट जर अकराव्या मोडमध्ये असेल तर ती शाखा आत्ताही चालत नाहीये आणि कुणाला फरक पडलेला नाही. सिंटॅक्सएरर आला म्हणतोस ना, तो डॉमपार्सरचाच. आयई 11 चं डेस्कटॉप अ‍ॅप जून 2022 मध्ये बंद झालं, उरलाय तो आयई मोड. क्लायंटला डॉक्युमेंट मोड विचार, 9 च्या खाली नसेल तर खुशाल उडव. कॅच मात्र ठेव.

रिप्लेस मारायचाच तर सरसकट नको, नाहीतर आधीच नीट लिहिलेल्या एंटिटी (अँपरसँडने सुरू होऊन सेमीकोलनने संपणारे चिन्हांचे कोड) दोनदा एस्केप होतील, म्हणजे त्यांचा अँपरसँड पुन्हा बदलला जाईल. अँपरसँडच्या पुढे नाव किंवा हॅश-आकडा आणि शेवटी सेमीकोलन नसेल तरच बदल. सीडेटाच्या आतल्याला हात लावू नकोस, तिथे उघडा अँपरसँड चालतो.

बॅकस्लॅश_ताई
आणि 'एनबीएसपी' (एचटीएमएलमधली न तुटणारी मोकळी जागा) आला तर रिप्लेसच्या या रेजेक्समधून (शोधायच्या नमुन्यातून) तो तसाच निसटेल, सेमीकोलन असतं ना त्याला. एक्सएमएलला स्वतःच्या पाचच एंटिटी माहीत: एलटी, जीटी, अँप, क्वॉट, अ‍ॅपॉस. एनबीएसपीचं हॅश 160 करून घे. स्ट्रिंगच्या सुरुवातीला ट्रिम पण मार, एक्सएमएल डिक्लेरेशनच्या आधी एक रिकामी ओळ आली तरी अख्खा फीड नापास होतो.

काटेकोर_मनुष्य
छोटी खोडी काढतो. फीडमध्येच कुणी 'पार्सरएरर' नावाचा टॅग वापरला तर खोडचा चेक फसेल. सुरुवातीला एकदा मुद्दाम मोडकी स्ट्रिंग पार्स करायची, जो एरर एलिमेंट येईल त्याचा नेमस्पेसयूआरआय ठेवून घ्यायचा (फायरफॉक्सचा मोझिलाचा स्वतःचा असतो, क्रोमचा एक्सएचटीएमएलचा) आणि पुढे त्याच नेमस्पेसमध्ये शोधायचं. आयईमध्ये ही चाचणीच एक्सेप्शन फेकेल, तिला पण ट्रायमध्ये घाल.

जुनं_खोड
@काटेकोर_मनुष्य असला टॅग ठेवणारा फीड अजून माझ्या बघण्यात नाही, पण बरोबर आहे तुझं.

@सेमीकोलन_हरवला रिप्लेस टाकलास तरी मूळ स्ट्रिंग आधी पार्स कर, एरर आली तरच रिप्लेस करून पुन्हा पार्स, आणि पहिल्या एररचा ओळ-कॉलम लॉगमध्ये राहू दे. फीडवाल्यांना मेल करताना तोच चिकटव, 'तुमचा एक्सएमएल चालत नाही' एवढंच लिहिलंस तर 'आमच्याकडे चालतो' असं उत्तर येईल.