'हनू' म्हणजे जबडा की हनुवटी?

मराठीत 'हनू' हा शब्द एकटा फारसा भेटत नाही. तो 'हनुवटी'च्या पोटात दडलेला असल्यामुळे दोन्हींचा अर्थ एकच, असा समज पक्का झाला आहे. संस्कृतात मात्र हनू म्हणजे जबडा. हनुवटी म्हणजे खालच्या जबड्याचा पुढे आलेला, ओठाखालचा मधला उंचवटा.

याचा उत्तम पुरावा वाल्मीकी रामायणाच्या किष्किंधाकांडात आहे. जांबवान हनुमंताला त्याच्या जन्माची कथा सांगतो, तेव्हा वज्राच्या आघाताने पर्वतशिखरावर पडून 'वामो हनुः', म्हणजे डावी हनू, भंगली असे म्हणतो. हनुवटी मधोमध एकच असते, तिला डावी-उजवी कसली? जबड्याला मात्र दोन बाजू असतात. म्हणूनच 'हनुवटी मोडली म्हणून हनुमान' हे रूढ स्पष्टीकरण मला अपुरे वाटते.

आयुर्वेदातला 'हनुग्रह'ही हाच अर्थ धरून आहे. त्यात जबडा उघडाच राहतो किंवा मिटलेलाच राहतो. आपली 'दातखीळ' यांपैकी फक्त दुसऱ्या अवस्थेला लागू पडते. कानाच्या पाळीपुढे बोट ठेवून तोंड उघडले की जो सांधा सरकताना जाणवतो, तो या हनूचा, अर्थात खालच्या जबड्याचा. शरीररचनेत याच हाडाला 'अधोहनू' म्हणतात. (एकटा शब्द 'हनू' असा दीर्घान्त लिहावा, समासाच्या आरंभी आला की 'हनुग्रह', 'हनुवटी' असा ऱ्हस्व.)

रोजच्या बोलण्यात अर्थातच 'जबडा' हवा. दातांच्या दवाखान्यात 'खालचा जबडा दुखतो' म्हणण्यात काहीच गैर नाही, पण 'जबडा वासून बसलाय' म्हटले की त्याच शब्दाला जनावराची छटा येते, आणि रागात 'जबडा बंद कर' म्हणणाऱ्याला नेमकी तीच हवी असते.

आणखी एक आग्रह धरावासा वाटतो. भाषांतरांत हल्ली 'मृत्यूच्या जबड्यातून सुटला' असे सर्रास दिसते. मराठी माणूस 'मृत्यूच्या दाढेतून' परत येतो. ही दाढ संस्कृत 'दंष्ट्रा'पासून आलेली आहे, आणि गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुनाला विश्वरूपाची जी मुखे दिसतात, तीही 'दंष्ट्राकराल', म्हणजे दाढांमुळे भयंकर झालेलीच आहेत.