‘सत्तांतर’ कुठल्या कपाटात ठेवायचं?

फिरस्ता_वाचक

वाचनावर गप्पा निघाल्या की काही वाक्यं ठरलेली. ‘मी फक्त कादंबऱ्या वाचतो.’ ‘मला बाई आत्मचरित्रंच आवडतात.’ ‘विज्ञान? नको, शाळेत झालं तेवढं पुरे.’ माझं म्हणणं जरा भांडखोर आहे म्हणून धागा काढतोय. कादंबरी, आत्मकथन, विज्ञान, निसर्गलेखन ही वर्गवारी प्रकाशकाच्या आणि ग्रंथालयाच्या सोयीची आहे, वाचकाने ती मुकाट पाळायचं कारण नाही. नवं पुस्तक शोधायचं तर प्रकार बघू नका, विषयाचं शेपूट धरा आणि ते नेईल तिकडे जा.

शेपटाचा विषय निघालाच आहे तर वानरांचं उदाहरण घेतो. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ आलं १९८२ साली, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी मिळालं. वानरांच्या टोळ्या, त्यांच्या हद्दी, टोळीचा धनी कोण यावरून होणारी मारामारी. पुस्तक मिटलं की प्रश्न पडतोच, की हे खरंच असं असतं? आणि नेमकं इथे बहुतेक जण पुढची कादंबरी उचलतात.

शेपूट सोडलं नाही तर काय हाती लागतं बघा. १९६०च्या दशकात युकिमारू सुगियामा नावाचे जपानी संशोधक आपल्या शेजारी धारवाडला वानरांमागे फिरत होते. बाहेरच्या नराने टोळी बळकावली आणि पाठोपाठ अंगावर पिणारी पिल्लं मारली गेली, हे त्यांनी नोंदवलं. नंतर जोधपूरला मोहनोत या संशोधकांना तेच दिसलं. १९७०च्या दशकात हार्वर्डची विद्यार्थिनी सारा हर्डी माउंट अबूला येऊन राहिली आणि १९७७ साली तिचं ‘द लंगूर्स ऑफ अबू’ आलं. तिचा युक्तिवाद असा: पिल्लू पीत असेतो आई पुन्हा माजावर येत नाही. नराच्या हाती टोळी असते ती दोन-अडीच वर्षं. वाट बघण्याइतका वेळच त्याच्याकडे नाही, म्हणून तो आधीच्या नराची पिल्लं संपवतो. यावर दुसरी बाजू तुटून पडली. फिलिस डॉलहिनो वगैरे संशोधक मंडळींचं म्हणणं, ही सगळी विकृती आहे, माणसांच्या सहवासात आणि दाटीत राहणाऱ्या वानरांमध्ये ती दिसते, त्यावरून निसर्गनियम कसला काढता? हे भांडण रंगात असतानाच ‘सत्तांतर’ प्रसिद्ध झालं. ही जोडी मांडीवर घेऊन बसा, रहस्यकथा फिकी पडेल.

त्याच जोडीला माडगूळकरांचंच ‘नागझिरा’ घ्या, भंडाऱ्याकडच्या जंगलात मुक्काम ठोकून लिहिलेलं. आणि त्याच मुलखात वन खात्यात नोकरी केलेल्या मारुती चितमपल्लींचं आत्मचरित्र ‘चकवाचांदण’. एक कादंबरी, एक शोधग्रंथ, एक रानातला मुक्काम, एक आत्मकथन. कुठल्याही वाचनालयात ही चार पुस्तकं चार वेगवेगळ्या कपाटांत असतात आणि एकमेकांना ओळखतही नाहीत. बोला.

चष्मिस

असहमत, आणि जोरात.

पहिलं म्हणजे, संध्याकाळची लोकल पकडून, डब्यात उभ्याने दोन पानं वाचणाऱ्या माणसाला तुम्ही अभ्यासक्रम लावून देताय. कादंबरी आवडली तर तिच्यावरचा शोधनिबंध वाच, मग आत्मचरित्र वाच, मग जंगलात जा. का? मी वाचतो ते मला सुटायचं असतं म्हणून. पुस्तक मिटल्यावर ‘हे खरंच असं असतं का’ हा प्रश्न तुम्हाला पडतो, ठीक आहे. मला पडत नाही आणि त्याने माझं काही अडलेलंही नाही.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर. प्रकार ही सोय नाही, तो करार आहे. कादंबरीकार सांगतो, मी हे रचलंय. शास्त्रज्ञ सांगतो, मी मोजलंय, तुम्हीही मोजून बघा. दोघांना एका टेबलावर ठेवलंत की वाचक कोणाकडून काय घ्यायचं तेच विसरतो. आपल्याकडे निसर्गाच्या बाबतीत तर आधीच आनंद आहे. मोराचे अश्रू पिऊन लांडोर गाभण राहते हे अजूनही शिकलेली माणसं ठासून सांगतात. चितमपल्लींबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणतो, त्यांच्या लेखनात स्वतः पाहिलेलं आणि आदिवासींकडून, जुन्या पोथ्यांतून ऐकलेलं शेजारी शेजारी येतं. ते त्या लेखनाचं सौंदर्यच आहे. पण ललित म्हणून वाचलं तर सौंदर्य, प्राणिशास्त्र म्हणून वाचलं तर घोटाळा. तो कपाटावरचा फलक मला निदान एवढं सांगतो की कुठे मान डोलवायची आणि कुठे भुवई उंचवायची.

पेशीभित्तिका

दोघांशीही भांडायचं आहे.

फिरस्ता, तुमची गोष्ट अर्ध्यावर थांबली. हर्डीचा युक्तिवाद तुम्ही नराच्या बाजूने सांगितलात आणि सोडून दिलात. तिच्या कामातली खरी गंमत मादीच्या बाजूला आहे. टोळीबाहेरच्या नरांशीही माद्या संग करतात, त्यामुळे बाप कोण याचा नराला भरवसा राहत नाही आणि पिल्लू वाचण्याची शक्यता वाढते, असं तिने मांडलं. म्हणजे धनी बदलला की माद्या मुकाट बसतात हे चित्रच तिने मोडलं. शिवाय तुम्ही म्हणता ते भांडण तसंच लोंबकळत राहिलं नाही. १९९९ साली नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांच्या डीएनए तपासणीचे निष्कर्ष आले. पिल्लांवर हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते. हर्डीची बाजू त्याने बरीच भक्कम झाली.

सांगायचा मुद्दा, कादंबरीच्या शेपटाला धरून विज्ञानाकडे गेलेला वाचक कादंबरीत जे दिसलं त्याचा दाखला मिळाला की समाधानाने परत फिरतो. विज्ञान पुढे चालत राहतं. कादंबरी १९८२लाच उभी असते, आणि त्यात तिचा काही दोष नाही.

चष्मिस, ‘मोजलंय’ म्हणणाऱ्यांचाही एवढा धाक बाळगू नका. तीच वानरं, तशीच मेलेली पिल्लं, आणि दोन संशोधक दोन टोकांना. कोणाला कुठे बसून, कोणत्या टोळीकडे बघून काय दिसलं, हे त्यांच्या तक्त्यांत येत नाही. ते कळायला त्यांच्या आठवणी वाचाव्या लागतात. तेव्हा आत्मकथनाशिवाय विज्ञानही अर्धवटच कळतं, हे फिरस्तांच्या बाजूने.

देवघेव

तालुक्याच्या गावच्या ‘ब’ वर्ग वाचनालयात काम करते, म्हणून कपाटांची बाजू मांडते. बिचाऱ्यांच्या वतीने कोणी बोलत नाही.

आमच्याकडे ड्युई पद्धत आहे, म्हणजे पुस्तकाला विषयावरून आकडा द्यायचा. मराठी कथा-कादंबरी ८९१.४६३, तिथे ‘सत्तांतर’. वानर-माकडांवरची शास्त्रीय पुस्तकं ५९९.८. चरित्रं-आत्मचरित्रं ९२०, तिथे ‘चकवाचांदण’. मधे दोन भिंती आणि एक झेरॉक्स मशीन. दुर्गाबाईंचं ‘ऋतुचक्र’ ललितमध्ये बसलंय, कारण निसर्गाचं वेगळं कपाट करण्याएवढी पुस्तकं कधी झालीच नाहीत. ५९९.८ला खरं सांगायचं तर एकही मराठी पुस्तक नाही. शेपूट धरून या म्हणता, या, पण भिंतीला धडकाल.

आणि सभासद कपाटापर्यंत येतात कुठे? आमची कपाटं कुलूपबंद. सभासद खिडकीशी येतात, ‘नवीन काय आलंय?’ विचारतात, आम्ही हाताशी असेल ते देतो. हाताशी काय असतं, तर नुकतंच परत आलेलं पुस्तक. म्हणजे सगळं गाव फिरून फिरून तीच चाळीस-पन्नास पुस्तकं वाचतं. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले, त्यात एक आहे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. परीक्षेत पाठ करून लिहिलाय. कुलूप उघडायला मात्र कार्यकारिणी तयार नाही, पुस्तकं चोरीला जातील म्हणून. वर्गवारी मोडायची का नाही हा पुढचा वाद झाला, आधी लोकांना वर्गवारी दिसू तर द्या.

फिरस्ता_वाचक

देवघेव मॅडम, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोलाचा आहे. पेशीभित्तिका, मादीची बाजू सुटली हे खरं, भर घातलीत ते बरं केलंत.

चष्मिस, करार मान्य. पण करार पुस्तकाच्या पहिल्या पानावर असतो, कपाटावर नाही. आणि ‘मला सुटायचं असतं’ म्हणता, तर ‘द लंगूर्स ऑफ अबू’मधली वानरं काय तुम्हाला ऑफिसात नेऊन बसवणार आहेत?

कातळावरचा_पाऊस

इतका वेळ वाचत होते. निसर्गाच्या पुस्तकांवर एवढी चर्चा झाली आणि एकूण एक नाव रानात मुक्कामाला गेलेल्या नाहीतर रानात नेमणूक झालेल्या माणसाचं, ते कोणालाच खटकलं नाही?

माझं माहेर रत्नागिरीकडचं. उर्मिला पवारांचं ‘आयदान’ (२००३) उघडा. गावातल्या बाया डोक्यावर लाकडाचे, गवताचे भारे घेऊन डोंगर चढत-उतरत रत्नागिरीच्या बाजाराला निघाल्यात, वाटेत एकमेकींची चेष्टा चाललीय, पाय भाजतायत. घरी आई बांबूची सुपं-टोपल्या विणत बसलेली. कोकणातला डोंगर ज्याच्या मानेवर बसतो त्याला तो कसा दिसतो, हे मला एकाही निसर्गलेखकाने सांगितलेलं नाही. लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ घ्या, १९८०चं. कैकाडी कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून टोपल्यांसाठी फोक शोधत हिंडतं. कुठल्या ओढ्याकाठी काय उगवतं, कधी तोडायचं, कुठला शेतकरी मारायला धावतो, हे पोटासाठी माहीत असावं लागतं. ही पुस्तकं निसर्गाच्या यादीत कधी येतात का? नाही. त्यांच्यावर एक शिक्का बसलाय, तो शिक्का बघून काही वाचक उचलतात आणि बरेचसे त्याच कारणाने उचलत नाहीत.

तेव्हा फिरस्ता, कपाटं मोडा या तुमच्या म्हणण्याला माझा पाठिंबा. पण मोडायचीच तर सोयीची दोन दारं काढून थांबू नका.

चष्मिस

कातळताई, प्रतिसाद फार आवडला, आणि त्यानेच माझी बाजू बळकट केली.

‘आयदान’मध्ये डोंगर आहे, कबूल. पण बाई ते डोंगरासाठी लिहीत नाहीयेत. जात, घर, बाईपण, चळवळ, नवऱ्याशी होणारी ओढाताण, हे त्या पुस्तकाचं काळीज आहे. उद्या फिरस्तांसारखा कोणी ‘कोकणातला निसर्ग’ हे शेपूट धरून त्यात शिरला, भाऱ्यांचं वर्णन टिपून घेतलं आणि पुढे गेला, तर त्याने पुस्तक वाचलं का? माणसाच्या जगण्यातून आपल्याला हवा तेवढा तपशील काढून घ्यायचा, याला मी वाचन म्हणणार नाही. आत्मकथन हे आत्मकथन म्हणूनच वाचलं पाहिजे, पहिल्या पानापासून, लेखिका नेईल तिकडे जात.

कातळावरचा_पाऊस

हे बरोबर आहे. टिपणं काढायला कोणी ‘आयदान’ उघडणार असेल तर नाहीच उघडलेलं बरं. पण शिक्क्यापायी जो उघडतच नव्हता, तो डोंगराच्या निमित्ताने आत शिरला आणि बाहेर पडताना वेगळंच काही घेऊन आला, असंही होतं ना? दार कुठलं का असेना. पुस्तक चांगलं असलं की ते वाचकाला त्याच्या कामापुरतं राहू देत नाही.

सातासमुद्रा

मी न्यू जर्सीत, त्यामुळे कपाटही नाही आणि खिडकीही. मराठी पुस्तकं ऐकते, गाडी चालवताना. एक ऐतिहासिक कादंबरी ऐकली तर ॲप त्याच वळणाच्या दहा पुढे करतं. तिथला यंत्रमानव चष्मिस यांच्याशी शंभर टक्के सहमत आहे. मॅडमच्या खिडकीशी निदान ‘काहीतरी वेगळं द्या’ म्हणता तरी येतं. इथे ते कोणाला सांगू?

अवांतर: यादी वाचनखुणेत टाकली. ‘नागझिरा’ भारतवारीत उचलणार.

फिरस्ता_वाचक

चष्मिस, तुमच्या कराराला शेवटचा एक दाखला. सालिम अली. लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, गळ्यावर पिवळा ठिपका. ही कुठली म्हणून विचारायला मामांच्या सांगण्यावरून मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले. तिथे सोसायटीचे सचिव मिलर्डसाहेब यांनी चिमणी तर ओळखलीच, वर पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखवले. हा प्रसंग त्यांच्या आत्मचरित्रात आहे, १९८५च्या. त्या चिमणीवरूनच पुस्तकाचं नाव, ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’. आता सांगा, हे आत्मकथन, की निसर्गलेखन, की एका शास्त्राची सुरुवात? कुठल्या खणात घालाल?

चष्मिस

अहो, उत्तर त्यांनीच देऊन ठेवलंय. भारतीय पक्ष्यांचं ओळखपुस्तक काढलं १९४१ साली, त्यात पिसांचा रंग, आकार, आवाज, घरटं. बंदूक, मामा आणि मिलर्डसाहेब यांच्यासाठी चव्वेचाळीस वर्षांनी वेगळं पुस्तक लिहिलं. रानात दुर्बीण लावून उभ्या असलेल्या माणसाला चिमणी ओळखायची असते, तिथे सालिम अलींचं बालपण मधे आलेलं चालत नाही, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा नीट कळत होतं.

पेशीभित्तिका

आणि रानात उभं राहावंसं आधी कशामुळे वाटलं, चष्मिस? १९४१च्या पुस्तकामुळे की १९८५च्या?

चष्मिस

मला अजूनही वाटलेलं नाही. मी लोकलमध्येच बरा.

देवघेव

भांडण चालू द्या. एक कामाची बातमी: वार्षिक खरेदीची यादी या आठवड्यात जाणार आहे आणि ‘आयदान’ची आमची प्रत बाइंडिंग सुटून बाद झालीय, ती पुन्हा घेतेय. वानरांवर मराठीत काही शास्त्रीय पुस्तक कोणाच्या पाहण्यात असेल तर प्रकाशकाच्या नावासकट इथे टाका. ५९९.८ रिकामा आहे.