बँकेच्या लिलावात घेतलेलं घर: जुन्या मालकाची थकबाकी आणि वाढीव घरपट्टी, मदत हवी आहे

कवेलूवाला

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात यंदा बँकेच्या ई-लिलावात घर घेतलं. आधीच्या मालकाचं कृषी केंद्र होतं. कर्ज थकलं, बँकेने सरफेसी कायद्याखाली (थकलेल्या कर्जासाठी गहाण मालमत्ता बँकेला विकता येते तो कायदा) ताबा घेतला आणि लिलाव लावला. सुरुवातीला कोणी बोलीच लावली नाही. राखीव किंमत उतरवली तेव्हा 6 लाख 10 हजारांत माझ्या नावावर सुटलं. विक्री प्रमाणपत्र मिळालं, दुय्यम निबंधकाकडे त्याची नोंदणीही झाली.

आता नमुना 8 वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीत, नाव चढवायला अर्ज दिला, तर ग्रामपंचायतीच्या सचिवांनी मागणी बिल हातात ठेवलं. चालू वर्षाचे घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणी मिळून 2,340 रुपये. मागची थकबाकी 12,480. आधी थकबाकी भरा, मग नाव चढवू, असं तोंडी सांगितलं.

माझं म्हणणं असं की आकारणीत घराचं मूल्य 8 लाख 64 हजार धरलंय. उघड लिलावात 6 लाख 10 हजाराच्या वर कोणी गेलं नाही, मग बाजारभाव तोच ना? कर त्याच्यावर का नाही? आणि थकबाकी माझ्या काळातली नाही. बँकेचे साहेब म्हणतात, "जसं आहे जिथं आहे या तत्त्वावर विकलं, आमचा संबंध संपला." जुना मालक गाव सोडून गेला. तो तसाही खचलेला माणूस आहे, त्याच्यामागे लागायची माझी इच्छा नाही.

घर कसं आहे तेही सांगतो. रस्त्याला लागून स्लॅबची एक खोली, तिला शटर. त्यावर अजून बोंडअळीच्या औषधाची जाहिरात रंगवलेली आहे. मागे मातीच्या भिंतींचं जुनं घर, वर कवेलू, एका बाजूला टिनपत्रे. दुकान बंद आहे. आम्ही तिथं गव्हाची पोती आणि पोरांच्या सायकली ठेवतो.

काय करावं? सोयाबीनच्या भावाने आधीच कंबरडं मोडलंय, पंधरा हजार म्हणजे आम्हाला लहान रक्कम नाही.

माजी सचिव

भाऊ, पहिला मुद्दा सोडून द्या. तुम्ही घर किती रुपयांत घेतलं याच्याशी घरपट्टीचा संबंध नाही. 2015 च्या अखेरीस ग्रामपंचायत कर व फी नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हापासून आकारणी भांडवली मूल्यावर होते. जमिनीचं क्षेत्रफळ गुणिले रेडी रेकनरचा (सरकारी दरतक्त्याचा) दर, त्यात बांधकामाचं क्षेत्रफळ गुणिले बांधकाम दर गुणिले घसाऱ्याचा आकडा (जुनेपणाची घट वजा जाता उरणारा टक्का) मिळवायचा, आणि आलेल्या बेरजेला वापराच्या भारांकाने गुणायचं. यात खरेदीची किंमत कुठंच बसत नाही. तुम्ही दुप्पट भावाने घेतलं असतं तरी कर एवढाच आला असता. लिलावाचा आकडा घेऊन भांडाल तर अर्ज पहिल्याच फटक्यात निकाली निघेल.

पण म्हणून बिल बरोबर आहे असं नाही. नमुना 8 चा उतारा काढा आणि त्यातले रकाने इथं टाका: क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचं वर्ष, वापर. चूक असली तर तिथंच सापडेल. मी नोकरीत असताना फेरआकारणी चार वर्षांनी व्हायची ती बहुतेक वेळा टेबलावर बसूनच. घरोघर टेप घेऊन फिरायला माणसं कुठं होती?

नागपूरकर वकील

थकबाकीबद्दल लिहितो. अहमदाबाद महापालिकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1971 साली निकाल दिला होता. घर लिलावात घेणाऱ्याला मालमत्ता कराच्या बोज्याची सूचना नसेल, तर जुन्या मालकाच्या करासाठी ते घर विकून वसुली करता येत नाही, असा त्याचा सारांश. ऐकायला तुमच्या बाजूचं वाटतं. पण सगळी मदार त्या "सूचना नसेल" वर आहे. लिलावाची जाहीर नोटीस आणि विक्रीच्या अटी पुन्हा वाचा. "सर्व शासकीय व स्थानिक देणी खरेदीदाराकडे" अशा अर्थाचं वाक्य असेल, तर मला माहीतच नव्हतं हे म्हणणं टिकायला कठीण. बँका हे वाक्य सहसा घालतातच.

कवेलूवाला

वाचलं. वाक्य आहे. अट क्रमांक 14, अगदी बारीक टायपात.

नागपूरकर वकील

मग 12 हजारांसाठी कोर्टकचेरी करू नका, माझ्या फीतच जातील. तरी एक करा. थकबाकीचा वर्षवार तपशील लेखी मागा. नमुना 9, म्हणजे मागणी नोंदवहीत तो असतो. कोणत्या वर्षी किती मागणी, किती वसुली, दंड किती, सगळं दिसतं. जुन्या मालकाने मधे पैसे भरून नमुना 10 ची पावती घेतली असेल आणि नोंद राहिली असेल, तर तीही रक्कम वजा होईल.

वर्धेचा पोट्टा

मीटर पाह्यलं का दादा? माह्या मामानं असंच घर घेतलं होतं, घरपट्टीच्या नादात वीजबिल इसरला. जुन्या मालकाचं बिल नव्या मालकावर येते, पण वारस सोडून दुसऱ्यावर सहा महिन्यांच्या वर नाही येत. कंपनीचा माणूस सगळंच मागते, तुम्ही नियम दाखवा.

कवेलूवाला

मीटर कायमचं बंद केलेलं आहे, नवीन घ्यावं लागेल. ते वेगळं बघतो, धन्यवाद भाऊ.

उतारा मिळाला. बांधकाम प्रकार: आर.सी.सी. वापर: वाणिज्य. वर्ष: 2011. क्षेत्रफळ सगळ्या घराचं एकत्र. मातीच्या घराचा वेगळा उल्लेख कुठंच नाही. मूल्य 6,91,200, भारांक 1.25, म्हणून 8,64,000.

माजी सचिव

घ्या, इथं आहे तुमचा मुद्दा! 1.25 हा वाणिज्य वापराचा भारांक, निवासीला 1 असतो. म्हणजे भारांकाने घराचं मूल्य 1,72,800 रुपयांनी फुगलं. दुसरं, मातीचं घर स्लॅबच्या हिशेबात ढकललं. मातीच्या बांधकामाचा दर कमी, घसारा जास्त आणि मूल्याच्या दर हजारामागे लागणारे कराचे पैसेही कमी. दोन्ही भाग वेगळे लावले तर मूल्य तुमच्या लिलावाच्या आकड्याच्याही खाली येऊ शकतं. तो आकडा पुढे करायची गरजच उरत नाही.

तिसरं, 2011 हे शटरच्या खोलीचं वर्ष दिसतं. मागचं घर किती जुनं?

कवेलूवाला

शेजारच्या आजी म्हणतात, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा होतं. म्हणजे चाळीसेक वर्षं तरी. पण आजींचा शब्द कागदावर कसा आणू?

माजी सचिव

जुनी आकारणी नोंदवही काढायला लावा. 2011 च्या आधीच्या वहीत हे घर "माती-कवेलू" म्हणून असणारच. वही दाखवत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका, 10 रुपयांचं काम आहे, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागते. गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिकाही (प्रॉपर्टी कार्ड) घ्या, क्षेत्रफळ तिच्याशी ताडून बघा. पत्रिकेवरचं नाव ग्रामपंचायत बदलत नाही, त्यासाठी भूमी अभिलेखच्या कार्यालयात विक्री प्रमाणपत्र लावून वेगळा अर्ज करा. नमुना 8 हा कराचा कागद आहे, मालकीचा नाही.

मग दोन वेगळे अर्ज द्या, एकात मिसळू नका. एक नाव चढवण्याचा, तो मासिक सभेपुढे जाईल. दुसरा आकारणी दुरुस्तीचा. त्यात प्रत्यक्ष पाहणीची मागणी करा, शटरच्या आतला आणि कवेलूचा फोटो लावा. दोन्हींची पोच सही-शिक्क्यासह घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. ग्रामपंचायतीने दाद दिली नाही तर पंचायत समितीकडे अपील आहे. मुदतीकडे लक्ष ठेवा, बिल मिळाल्याची तारीख लिहून ठेवा.

सातबाराप्रेमी

चालू वर्षाचे 2,340 मात्र अडवू नका. "आकारणीबाबत हरकत राखून भरणा" असं अर्जात लिहून भरून टाका. 30 सप्टेंबरच्या आत भरलं तर 5 टक्के सूट मिळते, मार्च उलटला की 5 टक्के दंड.

कवेलूवाला

थकबाकीसुद्धा त्याच चुकीच्या मूल्यावर लागली असेल ना? ती तरी कमी होईल का?

माजी सचिव

मागच्या वर्षांचं अवघड आहे. तेव्हा दुकान खरंच चालू होतं, त्या खोलीला वाणिज्य भारांक बरोबरच होता. मातीचं घर स्लॅबमध्ये धरलं तेवढा भाग मात्र मागा, सभेच्या मनात आलं तर करतील. थकबाकीसाठी हप्ते मागितलेत तर सरपंच सहसा नाही म्हणत नाहीत, त्यांनाही वसुलीचा टक्का दाखवायचा असतो. आणि शटरवरची ती औषधाची जाहिरात पाहणीच्या आधी पुसून घ्या बरं.