नवी लेन्स आणली, आता पहिला फोटो कुणाचा? (अनुभव लिहा)

आडवाट

काल भाचा आला तो गळ्यात कॅमेरा अडकवूनच. नवीन ५० मिमी, एफ १.८ लेन्स घेतलीय. चहा होईस्तोवर देवघरातला गणपती, मांजर, कुंडीतली जास्वंद आणि माझं टक्कल एवढं सगळं काढून झालं होतं. मागचं धूसर येतंय म्हणून स्वारी खूश.

मला आमच्या दादांचा (वडिलांना दादा म्हणायचो) आग्फा क्लिक थ्री आठवला. १२० चा रोल, फोटो बारा. ते गणपतीपासून मे महिन्यापर्यंत पुरवायचे. त्यामुळे 'बघू तरी कसा येतो' असा फोटो आमच्या घरात कधी निघालाच नाही. आधी सगळ्यांना तेल लावून भांग पाडायचा, मग उन्हाकडे तोंड करून उभं करायचं. सगळ्या फोटोंत आमचे डोळे बारीक. आणि रोल धुऊन येईपर्यंत काय आलंय ते देवाला ठाऊक.

तर मंडळी, लेन्स, ट्रायपॉड, फिल्टर, फ्लॅश, काहीही नवं आणल्यावर पहिल्या दिवशी काय काय केलंत? पहिल्या दिवसाचे फोटो टुकारच असतात आणि तरी ते कुणी डिलीट करत नाही, असं माझं मत आहे.

चकलीचा साचा

जास्वंद +१. ५० मिमीचा पहिला बळी जास्वंद, दुसरा मांजर, तिसरा नवरा (झोपलेला).

माझ्या क्रॉप सेन्सरवर (म्हणजे आतला सेन्सर लहान) ती ८० मिमीसारखी होते, सगळं जवळ येतं. एवढ्याशा हॉलमध्ये सगळ्यांना एका फोटोत घ्यायला मी दाराबाहेर जिन्यात जाऊन उभी. शेजारच्या काकू म्हणे काय हरवलंय का गं? शिवाय ३५ सेमीच्या आत फोकस होत नाही हे दुकानदार सांगत नाहीत. कुकर झाला, नंतर येते.

हिरवा ठिपका

निकॉनवाल्यांनो, ५० १.८ घेताना पुढचं अक्षर बघून घ्या. 'डी' वाली स्वस्त पडते, पण डी ३००० आणि डी ५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, तिथे ती हातानेच फिरवावी लागते. 'जी' वालीत मोटर लेन्समध्येच आहे.

मी मुद्दाम डी घेतली आणि मला आवडते. व्ह्यूफाइंडरमध्ये हिरवा ठिपका लागला की दाबायचं. लहान पोरांचे फोटो विसरा. आजी मात्र झकास येते, ती हलत नाही.

चकलीचा साचा

आजी हलत नाही, हाहाहा. आमची हलते. 'माझा नको काढूस' म्हणत पदर सारखा करते आणि मग बरोब्बर लेन्सकडे बघते.

रंकाळ्याचा वारा

आमच्याकडं निकॉनचा पी ९०० कॅमेरा हाय. जुना झाला आता, २०१५ चं मॉडेल, पण ८३ पट झूम म्हणजे काय चेष्टा न्हाई. आणला त्या रात्री निम्मी गल्ली आमच्या गच्चीवर. ज्याला त्याला चंद्रावरचे खड्डे बघायचे. ट्रायपॉडवर ठेवला तरी चंद्र फ्रेमबाहेर पळतोय. पोरं म्हणत्यात, दादा हलवू नका की. अरं मी कुठं हलवतोय, पृथ्वी फिरतीया! दोन मिनिटांत चंद्र स्वतःच्या रुंदीएवढा सरकतोय.

ऑटोवर ठेवला तर नुसता पांढरा बल्ब येतो. चंद्रावर ऊन पडलेलं असतंय, तवा सेटिंग दिवसाचंच लावायचं. आयएसओ (सेन्सर उजेड किती पकडतोय ते) १००, एफ (लेन्सचं तोंड किती उघडं ते) ८, शटर १/१२५ सेकंदाच्या आसपास. लै भारी येतोय.

मोगरा

आमच्याकडे कोजागिरीला हाच कार्यक्रम असतो, दूध आटेपर्यंत चंद्राचे फोटो. रंकाळा, दुधात जायफळ घालता का हो?

रंकाळ्याचा वारा

घालतो की. पण बेतानं, न्हाईतर फोटोग्राफरच झोपतोय.

आडवाट

दुधाचा धागा वेगळा काढा रे.

माजघर

नवा फ्लॅश घेऊन गणपतीला गावी गेले होते. सगळीकडे वाचलेलं की फ्लॅश मूर्तीवर थेट मारायचा नाही, वर छताकडे तोंड करून मारायचा, म्हणजे उजेड मऊ होऊन खाली येतो. मुंबईच्या फ्लॅटमध्ये येतोही. आमच्या देवगडच्या घरात वर कौलं, आणि खाली वर्षानुवर्षांच्या धुराने काळे झालेले वासे. उजेड वर गेला तो गेलाच! बाजूच्या भिंतीवर मारावा तर ती पोपटी. बाप्पा पोपटी, भटजी पोपटी, मोदकसुद्धा पोपटी.

शेवटी आजोबांचं पांढरं धोतर वाळत होतं ते चुलतभावांनी दोन टोकांना धरलं आणि त्यावर फ्लॅश मारला. त्या वर्षीचे आरतीचे फोटो आमच्या घराण्यात सर्वोत्तम मानले जातात. धोतराला कुणी श्रेय देत नाही ते सोडा.

मोगरा

पोपटी मोदक!! फोटो टाका की.

हिरवा ठिपका

छत लाकडी असेल तर फोटो पिवळट येतात. रंगीत भिंतीपेक्षा पांढरा थर्माकोल बरा. धोतर त्याहून बरं, घडी होते.

डार्करूम

थोडं वेगळं लिहितो. वडिलांचा तालुक्याच्या गावी स्टुडिओ होता, लग्नं, मुंजी, पासपोर्ट. मी मिररलेस कॅमेरा घेतला तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याच हातात दिला. त्यांनी डोळ्याला लावला, दाबलं आणि मला विचारलं, निघाला का? आवाज कुठाय? सायलेंट शटर चालू होतं. म्हटलं निघाला. तर म्हणे, "खटका नाही तर समोरच्याला कळणार कसं की आता श्वास सोडायचा?" मग मी मेकॅनिकल शटर चालू करून दिलं. दुपारभर घरातल्या सगळ्यांना खुर्चीत बसवून हनुवटी वर, खांदा खाली असं चाललं होतं. लेन्स किती मिमीची हे त्यांनी विचारलंही नाही. गेल्या पावसाळ्यात गेले.

चकलीचा साचा

अरेरे. वाचून गलबलले. त्या दुपारचे फोटो आहेत ना?

डार्करूम

आहेत. सगळ्यांचे खांदे खाली.

लोकल_८.१२

पावसाळ्यावरून आठवलं. मुंबई-कोकणवाल्यांनो, नवी लेन्स कपाटात कपड्यांबरोबर ठेवू नका, कातडी केसमध्ये तर नकोच. बुरशी धरते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक, ४० ते ५० टक्के राखायचं. निळे खडे गुलाबी झाले की गरम करून परत वापरता येतात, पण स्वयंपाकाच्या तव्यावर नाही, निळ्या रंगात कोबाल्ट असतं. नारिंगी घ्या. बोरा बाजारात लेन्स उघडून साफ करून देणारे आहेत, पण बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर तो परत येत नाही.

मोगरा

तांदळाच्या डब्यात ठेवला तर?

लोकल_८.१२

तांदळाची भुकटी लेन्समध्ये जाईल. भात करा.

सातासमुद्रापार

डॅलसहून. ८ एप्रिल २०२४ च्या खग्रास ग्रहणासाठी नवऱ्याने सोलर फिल्टर मागवला. खोकं आलं त्या रात्री बसवून दिव्याकडे बघितलं, काळं. टॉर्च, काळं. कॅमेराच बिघडला म्हणून घरात सुतक. अहो, तो फिल्टर लाखातला एक भाग उजेड आत सोडतो, ट्यूबलाइट काय दिसणार! सकाळी सूर्यावर धरला आणि गोल नारिंगी बिंब आलं तेव्हा कुठे घरात चहा झाला. खग्रास अवस्था इथे पावणेचार मिनिटांच्या वर होती. तेवढ्यापुरता फिल्टर काढायचा आणि सूर्याची कड परत दिसायच्या आत लावायचा. काढणारा तो, घड्याळ धरून ओरडणारी मी.

झिरो माईल

नागपूरकडून हजेरी. १५०-६०० मिमीची लेन्स घेतली, वजन दोन किलोच्या घरात. ट्रायपॉड घेऊन ताडोबाले निघालो तर जिप्सीत तो उघडाले जागा कुठं बाप्पा! गाइड म्हणे, साहेब हे रिसॉर्टवरच ठेवा. मंग बायकोनं जुन्या जीन्सचा पाय कापून, दोन्हीकडून शिवून बीनबॅग करून देली. आत गहू. दांड्यावर ठेवा, वर लेन्स. ड्रायव्हरले इंजिन बंद कराले सांगा, नाही तं ६०० वर सगळं थरथरते. सकाळी एफ ६.३ वर उजेड पुरत नाही, आयएसओ ३२०० ले भ्याचं नाही.

पहिल्या सफारीत वाघ नाही. रानडुक्कर आणि गाइडची पाठ, दोन्ही एकदम शार्प.

फिरस्ती

भिगवणला होडीत पण हीच पिशवी. कुंभारगावला एक काका होडीत ट्रायपॉड उभा करत होते, नावाडी म्हणाला, "काका, ती तिवई न्हाई हालत, पाणी हालतंय." आणि फोटोसाठी रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) थव्यावर होडी घालायला सांगू नका प्लीज. उडताना छान दिसतात मान्य, पण ते तिथे खायला आलेत.

हिरवा ठिपका

फिरस्ती, +१००.

झिरो माईल, गव्हाला सोंडे नाही होत का?

झिरो माईल

होतात नं. म्हणून रिकामी पिशवी नेतो, गहू तिकडच्याच दुकानातून घेतो.

मोगरा

आणि परत येताना?

झिरो माईल

दळून आणतो. पोळ्या बऱ्या होतात.