आत्याचे निराधारचे पैसे चार महिने आले नाहीत, अडकलंय कुठे?

नमस्कार मंडळी, कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, माझं डोकं चालेनासं झालंय.

माझी आत्या, वय ६१, विधवा, गावी एकटीच. संजय गांधी निराधारचे तिला आधी हजार मिळायचे, २०२३ पासून पंधराशे, मागेपुढे का होईना यायचे. आता चार महिने पासबुकात एन्ट्रीच नाही. तहसीलला गेलो तर क्लार्क म्हणतो यादीत नाव आहे, हयातीचा दाखला आलाय, पैसे डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात, वरून जातात, बँकेत बघा. बँकेत म्हणतात केवायसी झालीये, आधार लिंक आहे, तहसीलला विचारा. असे तीन हेलपाटे झाले. आत्या सगळे कागद साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून आणते आणि मामांचा मृत्यूचा दाखला कोणी न मागताच खिडकीत ठेवते.

आता एक जण म्हणतो उत्पन्नाचा दाखला नवीन काढा. मर्यादा वर्षाला २१ हजार! रोजगार हमीवर २०२५-२६ च्या ३१२ रुपये रोजाने ६८ दिवस गेलं तरी माणूस बाद. असो. दाखला काढू की आधी दुसरं काही बघू?

प्रतिसाद १: दाखल्याचं नंतर बघा. आधार खात्याला लिंक असणं वेगळं आणि डीबीटीला सीडिंग असणं (म्हणजे आधारवर येणारे सरकारी पैसे याच खात्यात टाका अशी नोंद असणं) वेगळं, बँकवाले बऱ्याचदा पहिलंच बघून हो म्हणतात. पूर्वी तहसीलमधून बँकेला यादी जायची तेव्हा खाते नंबरवर पैसे पडायचे, आता जे खातं शेवटचं सीड झालंय तिकडे जातात. आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघा, ओटीपी लागेल.

धागाकर्ता: ओटीपी मामांच्या जुन्या नंबरवर जातोय, तो कधीच बंद झालाय 😓 आधार केंद्रात नंबर बदलायला गेलो तर भांगलणीने तिची बोटं इतकी घासलीत की ठसाच उठेना, पाचव्यांदा अंगठा पुसून घेतला तेव्हा कुठे उठला. आज स्टेटस दिसलं, बँक भलतीच! आत्या म्हणते हां, बचत गटाच्या वेळी बायकांनी मिळून तिथं खाती काढलेली. ते खातं चालू आहे का तेच तिला माहीत नाही.

प्रतिसाद २: मग आधी त्या बँकेत जाऊन पासबुक भरून घ्या, पैसे तिथेच पडलेले असू शकतात. आमच्या सासूबाईंचं अगदी हेच झालेलं. खातं बंद असेल तर तिच्या नेहमीच्या बँकेत सीडिंगचा फॉर्म द्या, लिंकिंगचा नव्हे, तसं स्पष्ट सांगा. पोस्टात खातं काढलं तरी चालतं, तिथे सीडिंग करून देतात. आणि तहसीलला मागच्या चार महिन्यांसाठी लेखी अर्ज द्या, पोच शिक्क्यासकट घ्या, तोंडी सांगितलेलं तिथं कोणाच्या लक्षात राहत नाही.

धागाकर्ता: सोमवारी त्या बँकेत जातोय, आत्याला पिशवी घेऊन यायला सांगितलंय.