कृषी केंद्राचा हिशोब क्लाउडवर टाकावा का?

आर्णीकडचा_दुकानदार:
नमस्कार मंडळी. आपलं कृषी केंद्र हाय. बिलिंगचं सॉफ्टवेअर आतापर्यंत दुकानातल्याच कॉम्प्युटरमधी होतं, आता सॉफ्टवेअरवाला म्हणते का क्लाउडवर या, दर वर्षी पैसे भरा, कॉम्प्युटर जळला तरी डेटा जात नाई. मले हे समजून नाई रायलं का डेटा जाते कुठी? अन् जूनमधी पेरणीच्या टायमाले दुकानात पाय ठेवाले जागा नसते, तवाच लाईन जाते, नेट जाते, मंग बिल कसं फाडाचं? साऱ्या शेतकऱ्यायची उधारी त्यातच हाय. तोटे सांगा भाऊ, फायदे त्यानं सांगतले.

वर्धेवाला_आयटी:
भाऊ, तुमचा डेटा मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरमधल्या मशीनवर राहते, तुम्ही नेटवरून तो उघडता. वखारीत सोयाबीन ठेवल्यासारखं समजा, माल तुमचा पण कुलूप त्यायचं अन् भाडं चालूच. ॲमेझॉननं २००६ मधी अशा मशीनी भाड्यानं द्याले सुरुवात केली, मुंबईत त्यायचं सेंटर २०१६ पासून हाय. दुकानावर वीज पडून हार्डडिस्क गेली तरी हिशोब वाचते, हे खरंच हाय, ते नाकारू नका.

मोर्शीकर:
"डेटा जात नाई" हे मले पटत नाई. १० मार्च २०२१ ले फ्रान्समधी स्ट्रासबर्गले ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरले आग लागली, एक अख्खी बिल्डिंग जळाली अन् ज्यायची दुसरी कॉपी कुठंच नव्हती त्यायचा डेटा कायमचा गेला. अन् पोरानं चुकून एखाद्याचं खातं डिलीट केलं त क्लाउडवरूनही डिलीट होते, सिंक म्हणजे इकडं केलेला बदल तिकडं आपोआप होणं, ते बॅकअप म्हणजे वेगळी जपून ठेवलेली कॉपी नोहे. नियमही क्लाउडवाल्या कंपन्याच बदलवतात, गुगल फोटोजचं फुकट अनलिमिटेड १ जून २०२१ पासून बंदच झालं ना, आता १५ जीबीच्या वर पैसे. तुमचंही भाडं वाढलं अन् नाई भरलं त उधारीची यादी कशी काढान?

सेवा_केंद्रवाली_ताई:
दादा, आपल्या खेड्यात खरा तोटा नेटचाच हाय. युरियाच्या पॉस मशीनचं तुम्हाले माहीतच हाय, रेंज नसली का शेतकरी अंगठा देऊन देऊन थकते अन् रांग दारापर्यंत जाते. म्हणून पैसे द्याच्या आधी त्या माणसाले दुकानात बसवा, नेट बंद करा अन् म्हणा आता बिल फाडून दाखव. काही सॉफ्टवेअर नेट नसतानाही बिल फाडतात अन् नेट आलं का वर चढवतात, तसंच घ्या. दोन काउंटर असले त नेट नसताना दोन वेगळ्या बिलांवर एकच नंबर त पडत नाई ना, तेही पाहा. राउटरची वायर इन्व्हर्टरवर घ्या, नाईतर कॉम्प्युटर चालू अन् नेट बंद. दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा. अन् सगळ्यात महत्त्वाचं, खातं तुमच्याच ईमेलवर अन् मोबाईलवर पाहिजे. बसवणारे पोरं स्वतःचा नंबर टाकून जातात, मंग ओटीपी त्यायले येते अन् ते फोन उचलत नाईत. दर आठवड्याले एक्सेल काढून पेनड्राइव्हवर घ्या, अन् पेनड्राइव्ह घरी न्या, दुकानात ठेवू नका.

आर्णीकडचा_दुकानदार:
ताई, लय उपकार. नेट बंद करूनच पायतो आधी. एक सांगा, एक्सेलमधी कोणत्या बिलाची किती बाकी ते येते का?

सेवा_केंद्रवाली_ताई:
काहीमधी नावापुढं फक्त एकूण बाकी येते. बिलवार अन् तारखेसकट मागा, अन् सॉफ्टवेअरवाल्यालेच तुमच्यासमोर काढाले लावा.