व्हीपीएन चालू असतानाच पैसे गेले

व्हीपीएन (फोनचं इंटरनेट झाकून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारं ॲप) लावला की बँकेचे व्यवहार सुरक्षित आणि आपण काय करतो ते कुणालाच कळत नाही, असं बरेच जण म्हणतात; मला ते पटत नाही. इथं कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या माझ्या मावसभावाच्या फोनवर तो कायम चालू असायचा. 'वीजबिल थकलंय, आज रात्री लाइट तोडणार' असा मेसेज आला, सोबतची एपीके फाइल (थेट ॲप बसवणारी) त्यानं घाबरून इन्स्टॉल केली आणि ओटीपी परस्पर चोराकडे गेले. व्हीपीएन वाटेतला मजकूर झाकतो; चोर फोनातच शिरला तर व्हीपीएन काय करणार? हॉटेलातल्या वायफायवर पासवर्ड झाकायचं काम तर एचटीटीपीएस (साइटचं स्वतःचं कुलूप) आधीच करतं.

आणि 'कुणालाच कळत नाही' म्हणाल, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, आयपी (इंटरनेटवरचा ओळख-क्रमांक) ५ वर्षं जपून ठेवायचे आहेत. काहींनी त्यामुळे भारतातले सर्व्हरच हलवले. पैसे गेलेच तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. आम्ही दोन दिवस घालवले.